गाव सोडलं की हक्कही सुटतो का? निर्वासित, विस्थापित आणि सरकारी सामाजिक सुरक्षा

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूर-पुण्याच्या कारखान्यांवर, कुणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप थांबेपर्यंत, घर म्हणजे उसाच्या फडाजवळची कोपी, तात्पुरती झोपडी. या पाच-सहा महिन्यांत माणूस तोच असतो, गरिबी तीच असते, सरकारही तेच असतं. बदलतो तो फक्त पत्ता. आणि तेवढ्यानं रेशनचं धान्य, अंगणवाडीतला आहार, शाळेतली हजेरी, गरोदर बाईची तपासणी यांतलं बरंचसं मागे गावातच राहून जातं.

ही अवस्था मतदार यादीत नाव असलेल्या, आधार आणि रेशनकार्ड दोन्ही जवळ असलेल्या माणसाची आहे. मग युद्धामुळे, छळामुळे ज्याला देशच सोडावा लागला, ज्याच्या हातात ना इथला कागद आहे ना तिथला, त्याचं काय होत असेल? निर्वासितांना देशाच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत सामावून घ्यावं, अशी चर्चा गेली काही वर्षं जगभर चालू आहे. विषय जिनिव्हा-न्यूयॉर्कचा वाटतो. मला मात्र तो समजून घ्यायला मराठवाड्याइतकी योग्य जागा दुसरी दिसत नाही.

आधी शब्द नीट लावून घेऊ. युद्ध किंवा छळामुळे देशाची सीमा ओलांडून गेलेला तो निर्वासित. त्याच कारणांनी किंवा भूकंप, पूर, धरण यांमुळे घर सुटलं, पण देशातच राहिला तो विस्थापित. पोटासाठी गेला तो स्थलांतरित. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे 2024 च्या अखेरीस जगात 12 कोटी 32 लाख माणसं युद्ध, हिंसा आणि छळामुळे घराबाहेर होती. त्यातली 7 कोटी 35 लाख आपापल्या देशातच विस्थापित होती. सीमा ओलांडलेल्यांपैकीही जवळजवळ पाऊण हिस्सा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतो, कारण माणूस पळतो तो आधी शेजारी. तेव्हा हा प्रश्न मुळात गरिबानं गरिबाला सामावून घेण्याचा आहे.

सामाजिक सुरक्षा म्हणजे माणूस आजारी पडला, म्हातारा झाला, काम गेलं, पाऊस पडला नाही, तर तो पुरता कोसळू नये म्हणून समाजानं सरकारमार्फत केलेली तजवीज. तिचे ढोबळ दोन भाग. एकात तुम्ही आणि मालक दर महिन्याला पैसे भरता आणि गरजेला ते मिळतात, जसा भविष्य निर्वाह निधी किंवा राज्य कामगार विमा. दुसऱ्यात काही भरावं लागत नाही, सरकार कराच्या पैशातून देतं : रेशन, संजय गांधी निराधारचं अनुदान, शाळेतलं जेवण, सरकारी दवाखाना. हे आपल्याला नवीन नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून जगलेल्या माणसांमुळेच महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. वि. स. पागे यांनी मांडलेली ती कल्पना 26 जानेवारी 1979 पासून कायदा म्हणून लागू झाली आणि 2005 च्या देशव्यापी कायद्याला तिचाच पाया मिळाला.

वेगळी रांग की तीच रांग?

निर्वासित आले की पहिले काही महिने छावणी, तंबू, शिधा हे लागतंच. अडचण पुढे सुरू होते. आपण धरून चालतो की ही माणसं सहा महिन्यांत परत जातील. तसं होत नाही. केनियातली दादाबची छावणी 1991 पासून आहे, तिथे जन्मलेल्या मुलांना आता मुलं झाली. मग वर्षानुवर्षं दोन व्यवस्था शेजारी-शेजारी चालतात. एक देशातल्या गरिबांसाठी सरकारची, दुसरी निर्वासितांसाठी परदेशी देणग्यांवरची. त्यांची शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, शिधा वेगळा. चालू विहिरीला आणखी एक दोर लावायचा सोडून शेजारी दुसरी विहीर खोदायची, आणि तिचं पाणी दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर ठेवायचं, असा हा प्रकार आहे.

ती मर्जी आटली की काय होतं, ते बांगलादेशात कॉक्स बाजारला दिसलं. तिथे म्यानमारमधून पळून आलेले दहा लाखांच्या आसपास रोहिंग्या राहतात आणि त्यांना रीतसर काम करायची परवानगी नाही. माणशी महिन्याला 12 डॉलरचा शिधा मिळत होता. देणग्या कमी पडल्या आणि 2023 मध्ये तो आधी 10 आणि मग 8 डॉलरवर आला. कमावता येत नाही, सरकारी योजनेत नाव नाही, देणगीदाराचं मन दुसऱ्या युद्धाकडे वळलेलं. अशा कुटुंबानं ते चार डॉलर कुठून भरून काढायचे?

सामावून घेणं म्हणजे वेगळी रांग मोडून त्याच रांगेत जागा देणं. तुर्कस्ताननं याचा एक मधला रस्ता काढला. 2016 च्या अखेरीपासून तिथल्या सीरियन निर्वासितांना दरमहा रोख रक्कम एका कार्डावर मिळू लागली. सुरुवातीला माणशी 100 लिरा, पुढे 120. पैसा युरोपीय संघाचा होता, पण अर्ज घेणारी स्थानिक कार्यालयं तीच, जिथे तुर्की गरीब मदतीसाठी जातात. रक्कमही स्थानिक गरिबांना मिळणाऱ्या मदतीशी मेळ ठेवून ठरवलेली. पंधरा लाखांहून जास्त माणसांपर्यंत ती पोचली. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या घरात आपल्यापेक्षा जास्त जातंय असं वाटलं की गल्लीतला सलोखा टिकत नाही.

पोलंड आणखी पुढे गेला. मार्च 2022 मध्ये युक्रेनमधून लोंढे येऊ लागले तेव्हा युरोपीय संघानं त्यांना तात्पुरतं संरक्षण दिलं आणि पोलंडनं स्वतःच्या नागरिकांना असतो तसाच ओळख क्रमांक त्यांनाही दिला. त्या क्रमांकावर मुलामागे दरमहा 500 झ्लोटीचा बालभत्ता, दवाखाना, शाळा आणि नोकरी हे सगळं उघडलं. कोलंबियानं 2021 मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्यांना दहा वर्षं राहण्याचा परवाना देऊ केला. त्यामुळे आरोग्यविम्यात नाव लागतं, बँकेत खातं उघडतं आणि कामगार म्हणून वर्गणीही भरता येते. हे शेवटचं अनेकांच्या लक्षात येत नाही. कामाची परवानगी मिळालेला निर्वासित नुसता घेत नाही, तो त्याच व्यवस्थेत पैसे टाकतो.

अडतं कुठे?

कायदा पुष्कळदा आडवा येत नाही. अर्जाचा फॉर्म येतो. संजय गांधी निराधार योजनेचंच पाहा. विधवा, अपंग, दुर्धर आजारी अशा माणसाला दरमहा आधार देणारी ही योजना आहे. तिच्यात अट आहे की अर्जदार किमान 15 वर्षं महाराष्ट्राचा रहिवासी असावा. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशचे मजूर राबतात. त्यांच्यातल्या एखाद्याचा हात यंत्रात गेला तर इथे त्याची 15 वर्षं भरलेली नाहीत आणि आपल्या राज्यात तो राहत नाही. दोन राज्यांच्या मध्ये तो भारतीय नागरिक लोंबकळत राहतो. निर्वासिताला तर एकही राज्य नाही. रहिवासाची अट मुळात गैर आहे असं माझं म्हणणं नाही. राज्याच्या तिजोरीला काही हिशेब लागतो. पण ती इतकी लांब असू नये की संकट येऊन माणूस संपून जाईल आणि अट उरेल.

दुसरा अडथळा कागदाचा. घर जळताना किंवा पूर येताना कुणी शाळा सोडल्याचा दाखला शोधत बसत नाही. म्हणून जिथे समावेश यशस्वी झाला तिथे पहिलं काम नव्यानं ओळख देण्याचं झालं, जुना पुरावा मागण्याचं नव्हे.

तिसरा अडथळा आपल्या रेशन दुकानात सगळ्यांना माहीत आहे : इष्टांक, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं याचा ठरवून दिलेला आकडा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातल्या 75 टक्के आणि शहरी भागातल्या 50 टक्के लोकसंख्येपर्यंत धान्य पोचवायचं ठरलं. पण किती माणसं हे 2011 च्या जनगणनेवरून मोजलं आणि तिथेच गोठवलं. महाराष्ट्राच्या वाट्याला साधारण 7 कोटी लाभार्थी आले. लोकसंख्या वाढली, आकडा तोच. त्यामुळे पात्र असूनही ‘इष्टांक संपला’ हे उत्तर घेऊन परतणारी कुटुंबं गावोगावी आहेत. अशा वेळी बाहेरून आलेल्याला आत घ्या म्हटलं तर आतले चिडणारच, आणि त्यांच्या चिडीला मी वाईट म्हणणार नाही. इष्टांक न वाढवता केलेला समावेश म्हणजे गरिबाच्या ताटातलं गरिबाला देणं. युगांडात पंधरा लाखांहून जास्त निर्वासित आहेत. त्यांना कसायला जमिनीचा तुकडा आणि सरकारी शाळा-दवाखाना खुला असतो. तिथल्या धोरणात निर्वासितांसाठी आलेल्या मदतीतला सुमारे 30 टक्के वाटा त्याच भागातल्या स्थानिकांसाठी धरलेला आहे. निर्वासितांसाठी बांधलेल्या दवाखान्यात गावकरीही जातात. सामावून घेण्याचं राजकारण टिकतं ते अशा वाट्यामुळे.

उलटी चूकही होऊ शकते. युक्रेनमध्ये 2014 नंतर सरकारच्या ताब्याबाहेर गेलेल्या भागातल्या म्हाताऱ्यांना आयुष्यभर कमावलेलं निवृत्तिवेतन हवं असेल तर विस्थापित म्हणून नोंद करावी लागे, मग पडताळणी, मग पुन्हा पडताळणी. हक्काचा पैसा विस्थापित असण्याच्या शिक्क्याला बांधला आणि पेन्शनसाठी म्हाताऱ्या माणसांनी सीमारेषेवरच्या नाक्यांवर रांगा लावल्या.

आपल्या देशात काय आहे?

भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे प्रत्येक गटाचा नियम निराळा. तिबेटी निर्वासितांसाठी 2014 मध्ये केंद्रानं पुनर्वसन धोरण आणलं आणि कल्याणकारी योजना त्यांच्यापर्यंत न्याव्यात असं राज्यांना सांगितलं. आपल्या राज्यात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत आहे. तामिळनाडूतल्या श्रीलंकेच्या तमिळांना छावणीत मासिक रोख रक्कम आणि रेशन मिळतं. देशातल्या देशात विस्थापित झालेल्या काश्मिरी कुटुंबांना माणशी 3,250 आणि कुटुंबाला जास्तीत जास्त 13,000 रुपये महिना अशी मदत ठरलेली आहे. मिझोराममधून 1997 मध्ये त्रिपुरात आलेली ब्रू या आदिवासी जमातीची माणसं 23 वर्षं छावणीत राहिली. जानेवारी 2020 च्या करारानं त्यांना घराची जागा, घरासाठी दीड लाख, चार लाखांची मुदत ठेव, दोन वर्षं दरमहा पाच हजार रुपये आणि धान्य मिळालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती त्रिपुराची रहिवासी झाली. आता त्यांचं रेशनकार्ड इतरांसारखंच.

राज्यघटनेकडे पाहिलं तर दार बंद नाही. जीविताचा हक्क देणारं कलम 21 ‘व्यक्ती’ला हक्क देतं, फक्त नागरिकाला नाही. 1996 मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमांच्या, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. पण घटनेतला हक्क आणि तहसीलच्या खिडकीवरचा फॉर्म यांच्यामध्ये अजून बरंच अंतर आहे.

मराठवाड्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 1947-48 मध्ये निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं इथली कितीतरी कुटुंबं घरदार सोडून बार्शी, सोलापूर, अहमदनगरकडे गेली. निजामाचं राज्य तेव्हा भारतात सामील झालं नव्हतं. म्हणजे ती माणसं एक सीमा ओलांडूनच गेली. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिम कुटुंबांवर गावं सोडायची पाळी आली. घरातल्या म्हाताऱ्यांकडून हे ऐकत आपण वाढलो.

पुढच्या दोन घटना तर सरकारी दप्तरातच आहेत. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया 1965 मध्ये घातला गेला आणि नाथसागराच्या पाण्याखाली शंभराच्या वर गावांच्या जमिनी गेल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवमधली 52 गावं नव्या जागी बसवावी लागली. दोन्ही वेळी चुका झाल्या, जायकवाडीच्या काठावर त्यांची कहाणी आजही संपलेली नाही. पण एक झालं. सरकारनं त्या माणसांचं विस्थापन मान्य केलं, प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्त असे दाखले दिले, नोकरभरतीत अनुक्रमे 5 आणि 2 टक्के समांतर आरक्षण ठेवलं.

ऊसतोड मजुराला असा दाखला कधी मिळाला नाही. भूकंपाला तारीख असते, धरणाला भूसंपादनाची नोटीस असते. दुष्काळ मात्र हळूहळू येतो, माणूस स्वतःच्या पायानं ट्रकमध्ये चढतो, वर टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते. म्हणून कागदावर ते विस्थापन ठरतच नाही. जगभरातही हाच पेच आहे. बॉम्ब पडून पळालेल्याला निर्वासित म्हणता येतं. विहीर आटून निघालेल्याला कुठल्या रकान्यात घालायचं, हे अजून ठरलेलं नाही.

हक्क माणसाबरोबर चालला तर

8 मे 2020 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळावर 16 मजूर मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत जालन्याच्या कारखान्यातलं काम थांबल्यावर ते मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे चालत निघाले होते. ते का निघाले? कारण काम थांबलं की इथे त्यांच्या नावावर काही नव्हतं, जे काही होतं ते गावाच्या पत्त्यावर होतं. त्या वर्षी देशभरच्या रस्त्यांवर जे दिसलं त्यातून सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला आणि 29 जून 2021 रोजी निकाल आला : ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजना सगळ्या राज्यांनी 31 जुलैपर्यंत लागू करावी आणि असंघटित कामगारांची नोंदणी करावी. अन्न सुरक्षेतली लाभार्थ्यांची संख्या नव्यानं ठरवण्याचं कामही न्यायालयानं केंद्राला सांगितलं. नोंदणीचं ई-श्रम पोर्टल त्याच ऑगस्टमध्ये सुरू झालं. तिथे आज 30 कोटींहून अधिक नावं आहेत. नोंद झाली म्हणजे पैसे मिळाले असं मात्र नाही, ई-श्रम ही आधी एक यादी आहे.

‘एक देश एक रेशनकार्ड’चं काम असं चालतं. कार्ड आधारला जोडलेलं असेल तर देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं. सगळं एकाच ठिकाणी उचलायची सक्ती नाही. नवरा-बायको कारखान्यावर काही धान्य घेऊ शकतात आणि म्हातारे आईवडील गावात उरलेलं. कल्पना उत्तम आहे. हक्क पत्त्यावरून सोडवून माणसाला बांधण्याचं हे देशातलं सगळ्यात मोठं पाऊल आहे असं मी मानतो.

तरी फडावरचं वास्तव वेगळं आहे. टोळी पहाटे अंधारात कोयता घेऊन बाहेर पडते, गाडी भरून कारखान्यावर रिकामी होईपर्यंत रात्र होते. रेशन दुकान उघडं असतं तेव्हा हे फडात असतात. कोप्या गावाबाहेर असतात. दुकानदाराला माल येतो तो प्रामुख्यानं त्याच्या नेहमीच्या कार्डांच्या हिशेबानं, अचानक चाळीस कुटुंबं आली तर तो पुरवणार कुठून? कोयता धरून बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र अंगठा ओळखत नाही. योजना सोबत नेता आली तरी वेळ, अंतर आणि ठसा यांची सोय कुणीतरी करावीच लागते. हंगामात कारखाना कार्यक्षेत्रातल्या दुकानांना जादा कोटा आणि आठवड्यातून एक दिवस फिरतं दुकान, एवढं केलं तरी फरक पडेल. कारखान्याकडे प्रत्येक टोळीची यादी असते, ती पुरवठा विभागाकडे गेली की काम अर्धं झालं.

वर्गणीच्या सुरक्षेचं त्याहून अवघड. भविष्य निर्वाह निधीसाठी आधी मालक कोण ते ठरावं लागतं. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम म्हणतो मी मधला माणूस. उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर दिली जाते, त्यामुळे बाईच्या कामाची वेगळी नोंदच नसते. या कोंडीवर महाराष्ट्रानं काढलेला तोडगा जगातल्या निर्वासितांच्या चर्चेतही मांडण्यासारखा आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्यानं 10 रुपये आणि तेवढेच राज्यानं द्यायचे असं ठरलं. म्हणजे मालक कोण हा वाद बाजूला ठेवून पैसा उत्पादनावरच बसवला. ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रं, मुला-मुलींसाठी संत भगवान बाबा वसतिगृहं हे त्यातूनच पुढे आलं. वसतिगृह महत्त्वाचं अशासाठी की मूल गावी राहिलं तर त्याची शाळा, जेवण, लसी सगळं जागेवर राहतं. पण दोन वर्षांचं पोर वसतिगृहात ठेवता येत नाही. ते कोपीतच असणार, आणि त्याचं वजन करायला तिथल्या अंगणवाडीच्या ताईला जावं लागणार. ‘हे आमच्या गावचं नाही’ असं तिनं म्हणू नये यासाठी तिच्या रजिस्टरात त्याला जागा हवी.

या हंगामाला निघणाऱ्यांसाठी कामाचं तेवढं लिहितो. घरातल्या प्रत्येकाची रेशनची ई-केवायसी निघण्याआधी करून घ्या. राहिली तर कारखान्याजवळच्या दुकानातही होते. गरोदर बाईनं आणि लहान मूल असलेल्या आईनं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावं, लसीकरण कुठल्याही सरकारी केंद्रावर पुढे चालू होतं, आणि गावच्या अंगणवाडीत कुठल्या कारखान्यावर जातोय ते सांगून जावं. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र दोघांच्या नावानं वेगवेगळं मागा, बाईचं वेगळं. दुकानदारानं परक्या गावचं कार्ड म्हणून परत पाठवलं तर रेशनच्या 1967 या क्रमांकावर तक्रार करता येते.